तुमच्या मनगटावरची हळद

वासू, नली,

आक्काआजी गेल्याचं तुम्हाला तारेनं कळलं. लढाईच्या दिवसांत कराचीहून काशीला यायचं म्हणजे गाड्यांची मारामार. तुम्हाला येता आलं नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दिवसकार्य परवा आटोपलं, पाहुणे गेले, भांडी फडताळात लागली, त्यांची आलवणं धुऊन घड्या करून ठेवली. माझ्या स्वभावाप्रमाणे सगळं जागच्या जागी आहे. एकच गोष्ट कुठे ठेवावी ते कळत नाही, म्हणून लिहायला बसले.

वासू, गेल्या उन्हाळ्यात तू सुट्टीला आला होतास. जेवताना तू कॉलेजातलं एक सांगितलंस, की एका माणसाची कातडी दुसऱ्याच्या अंगावर टिकत नाही. लावली तर थोडे दिवस धरते आणि मग गळून जाते. तू सहज बोललास आणि वरणभाताचा पुढचा घास घेतलास. आक्काआजी वाढत होत्या. त्यांच्या हातातली पळी वरच्या वर थांबली. तुला ते दिसलं नाही, आणि दिसायचं काही कारणही नव्हतं. तुला काहीच ठाऊक नव्हतं. नली, तू लहान असताना त्यांना विचारायचीस, तुमचा डावा हात ठिगळांच्या गोधडीसारखा का? त्या म्हणायच्या, "गंगामाईनं पोळवला." तू घाबरून माझ्याकडे यायचीस आणि मी म्हणायचे, मोठी झालीस की सांगेन.

आता दोघंही मोठी झाला आहात. पण तुम्हाला सांगायला लागले, की माझं तोंड त्यांच्याकडेच वळतं. इतकी वर्षं या घरात दिवसभर मी त्यांच्याशीच बोलत आले. तेव्हा मी त्यांच्याशीच बोलते, तुम्ही जवळ बसून ऐका.

वन्सं,

आज सकाळी वरणाला हळद घालताना पुन्हा हात थांबला. सूनबाई म्हणाली, "आई, द्या इकडे, मी घालते." तिला वाटतं, मला तुमची आठवण येते. आठवण आली तर बरंच की. हे आठवणीसारखं नाही. घाटावरच्या हारवाल्याकडची झेंडूची फुलं, दुपारी समोरच्या भिंतीवर पडणारं ऊन, काहीही पिवळं दिसलं की तुम्ही देवघराच्या दारात हात वर धरून उभ्या असता आणि मी जिन्यात असते. तिथून मला पुढेही जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही.

त्या दिवशी रथसप्तमी होती. आपल्या दूधविनायक गल्लीतल्या घरात खाली बायका जमल्या होत्या. मंगळागौरीच्या देवळाकडच्या जोशीकाकू मोठ्यानं उखाणा घेत होत्या. तुम्ही वर होतात. हळदीकुंकवाच्या दिवशी तुम्हाला कुणी वर जा म्हणून सांगावं लागत नसे. सकाळीच हसून म्हणायचात, "मी देवांजवळ आहे गं. माझी आठवण काढू नका, तिळगूळ तेवढा वर पाठवा." ज्या नवऱ्यामुळे हे तुमच्या वाट्याला आलं, त्याचं तोंडही तुम्हाला आठवत नव्हतं. पागोट्याचा रंग तेवढा आठवत होता.

तुमचे भाऊ, म्हणजे या मुलांचे आजोबा, तीर्थोपाध्ये होते. ग्वाल्हेर, इंदूर, पुण्याकडचे यजमान शिंदे घाटावर उतरायचे आणि जाताना गंगा न्यायचे. तांब्याचे गडू मागे पडून काचेच्या बाटल्यांची टूम निघाली, तेव्हापासून कबाडीकडून टोपलीभर बाटल्या यायच्या. त्या धुऊन, भरून, तोंडाला लाख लावून देवघराच्या कोनाड्यात रांगेनं ठेवायच्या. लाख लावलेली बाटली यजमानांची, बिनलाखेची घरची, हा नियम तुमचाच. त्या दिवशी कोनाड्यात एकच बिनलाखेची बाटली होती, काचेच्या बुचाची, गळ्यापर्यंत भरलेली. तुमचा तांब्या रिकामा झाला होता. तुम्ही ती घेतलीत.

तिच्यात शोऱ्याचं तेजाब होतं, वासूच्या भाषेत नायट्रिक ॲसिड. जुनी जरी गाळून चांदी वेगळी काढणारे वापरतात ते. पाण्यासारखं स्वच्छ. कबाडीच्या टोपलीतून ती भरलेलीच आली असणार. रांगेत कुणी ठेवली ते शेवटपर्यंत कळलं नाही. काचेची बाटली, आत स्वच्छ पाणी, म्हणजे ती गंगा. आपल्या घरात कुणालाही दुसरं काही सुचलंच नसतं. वास यायला हवा होता, पण माघातल्या थंडीनं तुम्हाला पडसं झालेलं होतं, आणि समोर धूप जळत होता.

अंगावर शिंपडायला तुम्ही डाव्या तळहातावर ओतलंत. पुढचं तुम्ही मला कितीदा सांगितलंत, दर वेळी त्याच शब्दांत. "आधी थंडच लागलं गं. मग वाटलं, गंगा तापली. मग वाटलं, माझ्यावरच तापली."

आणि तुम्ही हात झटकला नाहीत. दुसरं कुणीही असतं तर आधी ते फेकलं असतं. पण गंगा जमिनीवर सांडायची नाही, हे तुमच्या हाताला तुमच्याही आधी ठाऊक होतं. तुम्ही तळहात वर धरलात. ते मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत आलं.

मी हळदीची कोयरी घेऊन वर येत होते, देवीला पहिली हळद लावायला. माझ्या मागे जिन्यात सासूबाई होत्या. तुम्ही दारात उभ्या होतात, तोंडातून आवाज नाही. आणि तुमचा हात पिवळा झाला होता. आजारी माणसाचा फिका पिवळा नव्हे. घाण्याच्या दिवशी नवरीचा हात असतो तसा, गर्द.

सासूबाई ओरडल्या, "हिला हळद कुणी लावली?"

मग त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. माझी बोटं हळदीनं माखलेली होती. "उमे, तू? विधवेला? या घरात?" आणि वन्सं, मीसुद्धा माझ्या बोटांकडे पाहिलं. तेवढा वेळ तेजाब तुम्हाला खात होतं, आणि आम्ही दोघी हळदीचा न्याय करत होतो.

मग तुमच्या आलवणाचा पदर दिसला. तो पिवळा पडून विरत चालला होता, आणि त्यातून धुरासारखा वास येत होता. मी कोयरी टाकली. तुमच्या तोंडातून पहिला शब्द फुटला तो, "शिवू नकोस! सोवळ्यात आहे मी!" मी तुम्हाला कोपराशी धरून मोरीत ओढलं. सकाळी पाणक्या कहारानं गंगेवरून भरून ठेवलेले पूजेचे हंडे तिथेच होते. मी पहिला उपडा केला.

"अगं, पूजेचं पाणी आहे ते!"

"गंगेनं पोळलंय ना तुम्हाला? मग गंगेनंच धुवायचं."

हे मी रागानं म्हटलं होतं. पुढे तुम्ही ते वाक्य सगळ्या गल्लीला सांगितलंत.

सासूबाई पानाच्या डब्यातला चुना घेऊन आल्या. आंबटाला चुना मारतो, असं त्यांचं म्हणणं. जोशीकाकूंनी तूप आणलं, आणखी कुणी भाजल्यावर लावायला शाईची दौत आणली. माझे वडील इंदूरला हेडमास्तर, त्यांनी मला मिशनच्या शाळेत घातलेलं. तिथे प्रथमोपचाराच्या एका धड्यात होतं: पाणी घाला, घालत राहा, दुसरं काही लावू नका. माझ्या साऱ्या इंग्रजी शिक्षणातलं तेवढंच त्या दिवशी उपयोगी पडलं. मी सगळ्यांचे हात बाजूला सारले आणि हंड्यावर हंडा ओतत राहिले. सासूबाई "बुडवलंस गं, बुडवलंस" म्हणत दारात उभ्या राहिल्या, पण हंडे सरले तेव्हा कहाराला हाक त्यांनीच मारली.

ओल्या फडक्यात हात गुंडाळून तुम्हाला डोलीतून बायकांच्या इस्पितळात नेलं. तिथली डॉक्टरीणबाई गोरी, उंच, हिंदी तोडून तोडून बोलणारी. तिनं विचारलं, "पानी किसने डाला?" मी म्हटलं, मैंने. "कितना?" मी सांगायच्या आत तुम्हीच बोललात, दात एकावर एक वाजत होते तरी बोललात, "सारी गंगा."

बाई हसली. तिथून तिचं आणि तुमचं जमलं.

तिनं एक निळा कागद तुमच्या ओल्या कातडीला लावला. तो लाल झाला. म्हणजे तेजाब अजून आहे, म्हणून पुन्हा पाणी. कागद निळाच राहीपर्यंत ती धुवत राहिली. तेजाब कुठलं, हे तिनं विचारलंसुद्धा नाही. म्हणाली, कातडीला असा रंग एकाच तेजाबानं येतो. मग तिनं सुई घेतली आणि जागोजाग हलकेच टोचत विचारू लागली, "दर्द?" कोपराजवळ तुम्ही किंचाळलात. तळहाताच्या कडेला शिवी हासडलीत, तीही हिंदीत, आणि मला तेव्हाच कळलं की तुम्हाला हिंदी शिव्या येतात. पण मनगटापासून वर मधल्या भागात सुई गेली तेव्हा तुम्ही ताठ बसून म्हणालात, "कुछ नहीं बाई. बिलकुल दर्द नहीं." आणि माझ्याकडे पाहिलंत, बघ, तिथं तरी काही झालेलं नाही.

बाईचा चेहरा उतरला. तिनं मला इंग्रजीत सांगितलं, की जिथे दुखतं तिथली कातडी जिवंत आहे. जिथे दुखत नाही, तिथली तळापर्यंत मेली आहे. तिनं बोट दाबून दाखवलं. इतर ठिकाणी दाबलं की रंग जायचा आणि परत यायचा. तिथे काहीच होत नव्हतं. दाबलं काय, न दाबलं काय. तुम्ही विचारलंत, "काय म्हणते गं?" मी म्हटलं, "वेळ लागेल म्हणते."

न दुखणारी जागा हीच सगळ्यात वाईट, हे मला पुढे कितीदा आठवलं, तुमच्या हाताशी ज्याचा काही संबंध नाही अशा वेळीसुद्धा.

बाईनं नळी लावून छाती ऐकली. तेजाबाच्या वाफा छातीत गेल्या असतील तर श्वास मागाहून अडतो, म्हणून ठेवून घेतलं पाहिजे म्हणाली. तुम्ही म्हणालात, "ख्रिस्तावांच्या पाण्यावर?" शेवटी घरून गंगा आणायची, या अटीवर राहिलात. छाती निभावली. हात मात्र महिनोन्‌महिने चालला. ती पिवळी कातडी कडक होत गेली, वाळल्या चामड्यासारखी. रोज कोमट मिठाच्या पाण्यात हात बुडवायचा, सुटेल तेवढं मेलेलं कात्रीनं काढायचं, वर तेलकट जाळी आणि पट्टी. बोटं फळीला सरळ बांधलेली, नाहीतर आतून ओढून मूठ कायमची मिटेल म्हणून. आणि त्या साऱ्यात तुमचं एकभुक्त सुटेना. बाई ओरडायची, "खाएगी नहीं तो चमड़ी कहाँ से आएगी?" तुम्ही मला म्हणायचात, "तिला सांग, दुपारचं झालंय माझं." शेवटी मी दूध फराळात बसवलं. तुम्ही पेला तोंडाला लावून म्हणालात, "तुझं शास्त्र बरं सोयीचं आहे."

मेलेलं सारं निघालं तेव्हा खाली लाल मांस उरलं. ते आपोआप भरेना. बाई म्हणाली, मांडीची कातडी वस्तऱ्यानं पातळ काढून वर लावावी लागेल, त्या वेळच्या लढाईतल्या जखमी शिपायांना असंच करत. तुमच्या मांडीवर काढण्याजोगं होतं तरी किती? उपासांनी तुम्ही काडीसारख्या झालेल्या. तिनं तुमची थोडी काढली, पुरेना. मग म्हणाली, घरच्या कुणाची कधीकधी धरते, देणार का कुणी? तेव्हाच्या डॉक्टरांना तसंच वाटायचं, वासू. मी हो म्हटलं. तुमचे भाऊ बाहेर येऊन मला म्हणाले, "अगं, पण विचार कर, कातडी म्हणजे..." मी म्हटलं, "माझीच आहे ना?"

कांद्याच्या पापुद्र्यासारखे ते तुकडे. तुमचे आणि माझे शेजारी शेजारी लावले. पुढच्या आठवड्यांत काही चिकटले, काही पट्टीबरोबर ओल्या कागदासारखे निघून आले. मी बाईला विचारलं, माझे कुठले राहिले? ती म्हणाली, खरं सांगते, मला ओळखता येत नाहीत. मनगटावरचा एक मात्र सुरेख धरला होता. गुळगुळीत, तुमच्या रंगाहून उजळ. तुम्ही त्यावर बोट फिरवलंत आणि निकाल देऊन टाकलात, "ही तुझी."

घरी आल्यावर पंचगव्य घेतलंत, सगळं यथासांग केलंत. मग भावाला विचारलंत, "काय रे, विधवेच्या अंगावर सुवाशिणीची कातडी. तुझं शास्त्र काय म्हणतं?" ते पोथ्यांकडे बघून म्हणाले, "आक्का, शास्त्रात कातडी लावायचं प्रकरणच नाही."

"नाही ना? मग झालं."

पुढच्या रथसप्तमीला मी देवीची हळद घेऊन वर आले. देवघराचं दार अर्धं लोटलेलं होतं. फटीतून तुमचा डावा हात बाहेर आला.

"वन्सं, हे काय?"

"मला नको लावूस बाई, मी विधवा. तुझ्या कातडीला लाव. तिनं काय पाप केलंय?"

मी लावली. तुम्ही हात आत घेतलात, आणि दाराआड तुमचं हसू मला ऐकू आलं. दर वर्षी मग तसंच. सासूबाईंना एकदा जिन्यातून दिसलं. त्या तशाच माघारी वळल्या. खाली जाऊन जोशीकाकूंना म्हणाल्या, "वर गर्दी करू नका गं." त्यांच्याबद्दल पुष्कळ तक्रारी केल्या मी आयुष्यभर. ही एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती, ती आज सांगते.

त्या कातडीवरून तुम्ही मला किती पिडलंत! थंडीत ती फुटली की, "तुझी कातडी आळशी, तेल लावून घेत नाही." आपलं भांडण झालं की मनगट खाजवत म्हणायचात, "राग तुला येतो आणि खाज मला सुटते." मी किती वेळा म्हटलं, बाईला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, कदाचित ती तुमचीच असेल. तुमचं उत्तर ठरलेलं: "तुझ्या बाईला काय कळतंय? माझ्या हाताला कळतं."

मग हे गेले. त्यानंतरच्या रथसप्तमीला खाली सूनबाईचं हळदीकुंकू होतं, आणि वर देवघरात आपण दोघी. मला तिथे बसायची सवय नव्हती. हात कुठे ठेवावेत ते समजत नव्हतं. तुम्ही पूजेच्या तबकातली चिमूटभर हळद घेतलीत, आपल्या डाव्या मनगटावर लावलीत आणि हात माझ्यासमोर धरलात.

"बघ. तुझी सुवाशीण इथं आहे. तिला काही झालेलं नाही."

"वन्सं, काहीतरीच काय."

"चूप. मी सांभाळतेय तिला. तू कशाला रडतेस?"

त्या दिवशी मला तुमच्या हाताबद्दल काही सिद्ध करायचं नव्हतं. मी वाकून त्या पिवळ्या ठिपक्याला गाल लावला. तुम्ही म्हणालात, "पुसशील, वेडे."

त्यानंतर दर वर्षी तुम्हीच लावायचात आणि मी बघायची. मी शिकलेली, मला सगळं कळत होतं. आणि तरी वर्षभर मी त्या दिवसाची वाट पाहत असे.

वासूनं ते सांगितलं त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही गच्चीवर पापड काढायला आलात. एकही पापड काढला नाहीत.

"पोरगं म्हणतंय ते खरं?"

"असेल. आता बरेच शोध लागलेत."

"असेल म्हणजे काय? तुझ्या इंग्रजीत असेल-नसेल असतं का?"

मी तुमच्याशी खोटं बोलत नसे. म्हटलं, "खरं आहे, वन्सं. ती तुमचीच कातडी."

तुम्ही मनगट पदरानं झाकलंत. "म्हणजे इतकी वर्षं मीच हळद लावून घेतली. विधवेनं."

"आणि काय झालं? आभाळ कोसळलं?"

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, की मला वाटलं मी चुकून कुणा परक्या बाईशी बोलते आहे. "काय झालं विचारतेस? माझा भाऊ गेला ना."

वन्सं, त्यांना काविळीनं नेलं. डॉक्टर होते, औषध होतं, तुम्ही आणि मी उशाशी होतो. हे मी तुम्हाला त्या गच्चीवर सांगितलं, पुढेही सांगत राहिले. तुम्ही दर वेळी एकच म्हणायचात, "कावीळच ना? तीही पिवळीच." आणि मग, "गंगेनं आधीच बजावलं होतं. हात पोळून बजावलं. मीच ऐकलं नाही." मी युक्तिवाद करायची. मला युक्तिवाद करता येतो, वडिलांनी तेवढ्यासाठीच शिकवलं. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि उठून जायचात. तुम्ही भांडलाच नाहीत, वन्सं. इतकी वर्षं भांडलात आणि या एका भांडणात मला एकटीला सोडून दिलंत. मी बोलत होते ते त्या जागी सुई टोचण्यासारखं होतं. बिलकुल दर्द नहीं.

या रथसप्तमीला मी तबक तुमच्यासमोर ठेवलं. तुम्ही हात पदरातच ठेवलात. मी तुमचा हात धरायला गेले तर म्हणालात, "राहू दे. माझंच आहे म्हणे ते." आवाजात राग नव्हता. कुणाची तरी वस्तू आपल्याकडे चुकून राहिली होती आणि ती परत करून टाकावी, तसा आवाज. मग ताप आला, छाती भरली, आणि शिवरात्रीच्या आत तुम्ही गेलात.

जे बोलायला हवं होतं ते मला आता सुचतं, भांडी घासल्याचा आवाज येतो आणि स्वयंपाकघरात तुम्ही नसता तेव्हा. गंगा तुमच्यावर तापली नव्हती, वन्सं. ते जुनी जरी गाळणाऱ्याचं तेजाब होतं, चुकीच्या बाटलीत. गंगा त्यानंतर आली, हंड्या-हंड्यानं, आणि तिनं तुम्हाला धुतलं. म्हणून हात राहिला. आणि ती कातडी तुमची होती तर मग हळदही तुमची. दारामागून हात काढत होतात ते माझ्यासाठी नव्हतं, आणि मी लावत होते ती माझ्या कातडीला नव्हती. या घरात इतकी वर्षं एका बाईला हळद लागत होती, तिच्या स्वतःच्या हाताला, आणि तिच्या भावाचं त्यानं काही वाईट झालं नाही. तो त्या हातची पुरणपोळी खाऊन तृप्त झाला. हे एवढंच. हे एका श्वासात म्हणता आलं असतं. मी मात्र तुमच्याशी काविळीची कारणं बोलत बसले.

म्हणाला असतात का काही? बहुतेक म्हणाला असतात, "तुझं शास्त्र बरं सोयीचं आहे." ते ऐकायला मी काहीही दिलं असतं.

न्यायच्या आधी तुम्हाला आंघोळ घातली तेव्हा डावा हात मी पुसला. ती उजळ जागा मेल्यावरही वेगळी दिसत होती. मी स्वयंपाकघरात गेले, डब्यातून चिमूटभर हळद आणली आणि लावली. बाहेर भटजी घाई करत होते. जोशीकाकूंची सून आत आली, तिची नजर गेली आणि ती दचकून म्हणाली, "यांना हळद कुणी लावली?"

तेच शब्द. एवढ्या वर्षांनी, त्याच घरात.

"मी लावली," मी म्हटलं. "त्यांच्या हाताला."

माझ्या कातडीला, असं म्हणाले नाही. पहिल्यांदाच म्हणाले नाही. तिनं वरून आलवण सारखं केलं, पण मनगट झाकलं नाही.

बायकांनी घाटावर जायचं नसतं. मी गच्चीवर उभी राहिले. शिंदे घाटाच्या पलीकडे मणिकर्णिकेचा धूर रोजच दिसतो. त्यातला तुमचा कुठला, ते काही कळेना. दुपारपर्यंत माझ्या मांडीला खाज सुटत होती. इतक्या वर्षांत तिथे कधी सुटली नव्हती. मी खाजवली नाही. वासू, याचं कारण मला विचारू नकोस, आणि तुला माहीत असलं तरी सांगू नकोस.

मुलांनो, तो डाग अजून आहे. माझ्या उजव्या मांडीवर, विड्याच्या पानाएवढा, थोडा चकचकीत. तिथून कातडी काढली ती टिकली नाही. वासू म्हणतो ते बरोबर आहे. काढलेली जागा मात्र भरून आली, आणि ती आहे.